जबाबदार प्रौढ व्यक्ती

कॅलिफोर्नियात पाच एकर जमीन घेऊ नये. घेतलीच तर तिच्यावर झाडं नसावीत. झाडं असलीच तर त्यांना पानं नसावीत. हे मला आधी कोणी सांगितलं नाही अशातला भाग नाही. सगळ्यांनी सांगितलं. पण सांगणारे सगळे फ्लॅटमध्ये राहत होते, त्यामुळे मला त्या सल्ल्यात मत्सराचा वास आला.

आम्ही राहतो नेव्हाडा काउंटीत. ही काउंटी नेव्हाडा राज्यात नाही, कॅलिफोर्नियात आहे. तिचं मुख्य गाव नेव्हाडा सिटी, तेही कॅलिफोर्नियातच. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना एवढं समजावून सांगेपर्यंत विमानतळ ते घर हा रस्ता संपतो. सिएरा पर्वताच्या उतारावरचा हा भाग. सगळीकडे पाइन, ओक आणि मँझनिटाची झुडपं. जमीन दाखवणारी बाई म्हणाली होती, "इथे तुम्हाला करायला काही नाही, नुसतं बसायचं आणि बघायचं." ते खरं निघालं. मी बसतो आणि पाइनच्या सुया पडताना बघतो. छपरावर पडतात, पन्हाळीत पडतात, गाडीच्या बॉनेटखाली पडतात. दर शनिवारी मी त्या गोळा करतो. रविवारी सकाळी तिथे शनिवारपेक्षा जास्त असतात.

गोळा केल्या की ढीग होतो. आणि ढीग झाला की माणसाच्या डोक्यात एकच विचार येतो, मग तो माणूस कुठल्याही देशाचा असो: काडी लावू या.

काडी माझ्या खिशात होती. पण इथे काडीच्या आधी परवाना लागतो. परवाना फुकट आहे, ऑनलाइन मिळतो, फक्त त्याआधी एक व्हिडिओ बघावा लागतो. ढीग चार फूट रुंद आणि चार फूट उंच, त्याहून मोठा नको. भोवतीची दहा फूट जमीन माती दिसेपर्यंत साफ करायची. हाताशी पाणी आणि फावडं. जाळायचं ते फक्त त्याच जमिनीवर उगवलेलं आणि वाळलेलं. घरातला कचरा नाही, रंगवलेलं लाकूड नाही. पूर्वी इथे लोक परसातल्या लोखंडी पिंपात घरचा सगळा कचरा जाळत. 2004 पासून राज्यात बहुतेक ठिकाणी तेही बंद झालं. आणि शेवटची अट: आग पूर्ण विझेपर्यंत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती जागेवर हजर हवी.

इथे बायकोनं व्हिडिओ थांबवला.

"आपल्याकडे अशी कोण आहे?" तिनं विचारलं.

मी जरा घसा साफ केला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ऑक्टोबरात अण्णा येतायत. तोवर थांब."

अण्णा म्हणजे माझे सासरे. लांज्याजवळच्या एका वाडीत त्यांनी उभा जन्म मास्तरकी आणि शेती केली. बायकोच्या दृष्टीनं जगात जबाबदार प्रौढ व्यक्ती ही एकच, बाकीचे नुसते वाढलेले.

अण्णा आले, त्यांनी ढीग बघितला, परवान्याचा कागद बघितला आणि चष्मा काढून पुसला.

"जावईबापू, पातेरा जाळायला सरकारची परवानगी?"

"हो."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही जाळायचा."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. महासत्तेबद्दल त्यांच्या काही कल्पना होत्या, त्या ते मनातल्या मनात दुरुस्त करत असावेत.

त्यांचंही बरोबर होतं. कोकणात भाताची रोपं करायच्या आधी दाढ भाजतात. शेण, ऐन-किंजळाची कवळं, गवत, पातेरा असे थर लावायचे आणि वरून बारीक माती पसरायची. मग वारा बघून, वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, दमानं जळते. कडेनं आधी झाडून घ्यायचं. हातात ओला डहाळा ठेवायचा. तणाचं बी मरतं, राख खताला होते. अण्णांनी हे मला वहीत आकृती काढून समजावलं. मी म्हटलं, "अण्णा, कडेनं झाडायचं, वारा बघायचा, आग विझवायचं साधन हातात. हे तर परवान्यावर लिहिलंय तेच झालं."

"छे! ते नियम आहेत," अण्णा म्हणाले. "ही पद्धत आहे."

"मग तुमच्याकडे दरवर्षी वणवे कसे लागतात?"

"ते पलीकडच्या वाडीतून येतात."

वणवा कुठून आला हे कोकणात नक्की कोणालाच सांगता येत नाही, पण तो पलीकडच्या वाडीतून आला याबद्दल कोणत्याच वाडीत दुमत नसतं. राखीव जंगलात आग लावायला 1927 च्या वन कायद्यानं बंदी आहे, असं मी म्हटलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "बरोबरच आहे. पलीकडच्या वाडीला कळायला नको?"

परवाना हातात आला तरी काडी लावता येत नाही. तो दिवस 'बर्न डे' आहे का, हे रोज सकाळी फोन करून विचारावं लागतं. फोनवर एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे. अण्णांनी हे काम मागून घेतलं. सकाळी आंघोळ, पूजा आणि मग बाईंना फोन, असा त्यांचा क्रम ठरला. सुरुवातीला ते बाईंना नमस्कार करत. बाई उलट बोलत नाहीत हे कळल्यावर त्यांचा आवाज थोडा कडक झाला.

"काय म्हणाल्या?" मी विचारायचो.

"आज नाही."

"का?"

"वारा नाही. धूर दरीत साचेल म्हणतात."

"मग काल का नव्हता?"

"काल वारा होता. ठिणगी उडेल म्हणत होत्या."

थोडक्यात, वारा हवा, पण सासरी आलेल्या जावयासारखा, बेताबेतानं वावरणारा. असा वारा वर्षातून फार दिवस नसतो. असला तर आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला असतो. उन्हाळ्यात ढीग असा खडखडीत वाळतो की रागानं बघितलं तरी पेटेल, पण तेव्हा जाळणं साफ बंद. हिवाळ्यात जाळायला मोकळीक, पण ढिगातून पाणी गळत असतं. ढीग तयार असतो तेव्हा सरकार तयार नसतं, सरकार तयार असतं तेव्हा ढीग नसतो. अण्णांनी यावर उपाय म्हणून ढिगावर ताडपत्री घातली आणि तिच्यावर चार दगड ठेवले. त्या ताडपत्रीवर दुसऱ्या दिवशी सुयांचा नवा ढीग होता.

मधल्या काळात अण्णांना कुंपणाजवळ एक झुडूप दिसलं. तीन-तीन पानांचं, शरदात लालभडक झालेलं. "काय रंग आहे बघा," म्हणत त्यांनी लेकीसाठी फांदी तोडून आणली. ते पॉयझन ओक होतं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या दोन्ही हातांवर ठिपक्यांची रांगोळी उमटली. घरात आमसुलं होती, ती भिजवून लावली. डॉक्टरनं दुसरं मलम दिलं, तेही लावलं, पण त्याचं श्रेय आमसुलालाच मिळालं. हे झुडूप ढिगात चुकूनही घालू नये, त्याचा धूर छातीत गेला तर भलतंच होतं, अशी सूचना असते. मी ती वाचून दाखवली. अण्णा हात खाजवत म्हणाले, "बिब्ब्याच्या जातीतलं दिसतंय." मी तपासलं. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन ओक हे सगळे खरोखरच एका कुळातले निघाले. अण्णांना इतका आनंद झाला की ते रोज सकाळी त्या झुडपापाशी जाऊन, लांबून, त्याची विचारपूस करू लागले. परदेशात नातेवाईक भेटला की माणूस हळवा होतो.

शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. त्यांच्या पन्हाळीत इतक्या सुया साठल्यात की तिथे आता पाइनचं रोप उगवलंय. पण दुसऱ्याच्या जमिनीवरच्या आगीबद्दल ते फार दक्ष आहेत. एका सकाळी मी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं, तर ते कुंपणाशी घड्याळ बघत उभे.

"दहाच्या आत आटपा."

"का बरं?"

"दहानंतर ऊन तापतं. पातं दगडावर आपटलं की ठिणगी. नियम आहे."

"तुम्ही कधी कापता?"

"मी दुपारी. सकाळी माझे गुडघे धरतात. पण माझ्याकडे दगड नाहीत."

त्यांच्याकडे दगडच आहेत. गवत अधूनमधून आहे.

हा नियम ऐकून मी हसलो होतो. मग जरा वाचन केलं आणि हसू आवरतं घेतलं. प्रत्येक विचित्र नियमाच्या मागे 'काही होत नाही हो' म्हणणारा एक माणूस उभा असतो. 2017 मध्ये शेजारच्या अॅरिझोनात एका होऊ घातलेल्या बापानं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायला स्फोटकं भरलेल्या लक्ष्यावर गोळी झाडली. निळी किंवा गुलाबी भुकटी उडणार होती. उडालीही, आणि मागोमाग सुमारे सत्तेचाळीस हजार एकर जळले. नुकसान ऐंशी लाख डॉलरच्या वर. आपल्याकडे बारशाला कानात कुर्र केलं की भागतं. 2018 मध्ये आमच्याच राज्यात एका शेतकऱ्याला जमिनीतलं गांधीलमाश्यांचं बीळ बुजवायचं होतं. त्यानं लोखंडी खुंटी ठोकली, हातोड्याची ठिणगी वाळल्या गवतात पडली आणि चार लाख एकरांहून मोठी आग लागली. हे अण्णांना सांगितल्यावर ते गंभीर झाले. "गांधीलमाश्यांच्या वाटेला जाऊ नये, हे आमची आजीसुद्धा सांगायची," म्हणाले.

लोकांना हे पटावं म्हणून अमेरिकेनं एक अस्वल नेमलंय. स्मोकी त्याचं नाव. डोक्यावर हॅट, कमरेला जीन्स, हातात फावडं. वणवे फक्त तुम्हीच रोखू शकता, असं ते 1947 पासून बोट रोखून सांगतंय. लहान मुलं त्याला इतकी पत्रं लिहायची की पोस्टानं त्याला स्वतंत्र पिनकोड दिला: 20252. अण्णांच्या वाडीला पिनकोड शेजारच्या गावाबरोबर वाटून घ्यावा लागतो. "अस्वलाला एकट्याला?" असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. पण अस्वलाचाही इलाज चालत नाही. कारण त्याचं रोखलेलं बोट बघून प्रत्येकाला वाटतं, ते आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे आहे.

जाळण्याला पर्याय नाहीत असं नाही. बकऱ्या आहेत. नेव्हाडा सिटीनं 2018 च्या अखेरीस गावाभोवतीचं झाडझुडूप खायला बकऱ्या भाड्यानं आणायचं ठरवलं, पैसे नव्हते म्हणून लोकांकडून चक्क ऑनलाइन वर्गणी मागितली. गावानं गणपतीसाठी वर्गणी काढणं अण्णांना ठाऊक होतं, बकऱ्यांसाठी काढणं नवीन होतं. "आणि पुढे?" ते म्हणाले. "पुढे काय? बकऱ्या खाऊन परत जातात." अण्णांचा चेहरा पडला. बकऱ्यांच्या गोष्टीचा शेवट त्यांच्या अनुभवात वेगळा होता.

मार्चमध्ये होळी आली. ढीग आयताच तयार होता. मी नियम काढून बसलो. आपल्या जमिनीवर उगवलेलं लाकूड चालेल. गोवऱ्या मात्र अडल्या. त्या अण्णांनी इंडियन स्टोअरमधून आणल्या होत्या, प्लास्टिकच्या वेष्टनात, सोन्याच्या भावानं.

"गोवरी म्हणजे वनस्पती नव्हे, अण्णा."

"नव्हे कशी? गवतच आहे. फक्त गाईमार्गे आलंय."

"पण आपल्या जमिनीवर उगवलेलं नाही."

"गाईला जमीन असते का?"

या प्रश्नाचं उत्तर परवान्यावर नव्हतं. फोनवरच्या बाईंनीही त्या दिवशी नकार दिला. शेवटी होळी बार्बेक्यूच्या शेगडीत केली. एक गोवरी, चार काड्या, नारळ आणि नैवेद्याची पोळी. झाकण हाताशी ठेवलं होतं. भोवती फेर धरायला पाच माणसं, शेगडी दीड फुटाची, त्यामुळे एकमेकांच्या पायावर पाय पडून खऱ्या होळीपेक्षा जास्त बोंबा झाल्या. त्या ऐकून आजोबा फावडं घेऊन धावत आले. त्यांना पुरणपोळी दिली. ते ती खात उभे राहिले आणि फावडं शेगडीकडे रोखून धरलं.

मग आला तपासनीस. घराभोवती शंभर फूट जमीन राखायची हा राज्याचा कायदाच आहे. गवत चार इंचांहून उंच नको, वाळकी फांदी छपरावर नको, लाकडाची रास भिंतीला लागून नको. तरुण मुलगा होता, अतिशय नम्र. हातात पाटी, प्रत्येक वाक्याला "सर". दारापाशी आला आणि थबकला. दाराला पाडव्याचं आंब्याच्या पानांचं तोरण होतं, चांगलं वाळून कुरकुरीत झालेलं. खाली काथ्याचं पायपुसणं. बाजूला कुंडीत तुळस, तिच्याही निम्म्या काड्या वाळलेल्या, आणि तिच्यापुढे निरांजन.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, म्हणजे इथे तुम्ही रोज आग लावता?"

"मी नाही, बायको. फक्त संध्याकाळी."

भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत पेटणारं काही नको, असा कायदा 2020 मध्ये झाला. त्यात नेमकं काय काय मोडतं यावर मग अधिकारी आणि बागप्रेमी लोक वर्षानुवर्षं भांडत बसले. तुळशीचा विषय त्यांच्यात निघाला असेल असं वाटत नाही. मुलानं काथ्याचं पायपुसणं आणि तोरण यांवर खूण केली. तुळशीपाशी तो अडखळला. बायकोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. "हे औषधी आहे का, मॅम?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. त्यानं खूण केली नाही. मला त्याच्या नोकरीची काळजी वाटली, पण तो आयुष्यात पुढे जाईल याबद्दल खात्रीही वाटली.

आता एवढं सगळं असून वस्तीत कोणी काही करत नव्हतं. अस्वल झालं, कायदा झाला, तपासनीस येऊन गेला. आजोबांच्या पन्हाळीतलं रोप वीतभर वाढलं. आणि मग एका आठवड्यात सगळ्यांना विमा कंपन्यांची पत्रं आली. कोणाचा हप्ता दुप्पट, कोणाची पॉलिसीच पुढे चालू ठेवणार नाही. सोबत वरून, आभाळातून काढलेला आमच्या छपराचा फोटो. त्यात एकेक सुई मोजता येत होती. देव वरून बघतो हे लहानपणी शिकवलं होतं, तेव्हा इतका परिणाम झाला नव्हता. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक छपरावर एकेक म्हातारा झाडू घेऊन चढलेला दिसला.

त्या रविवारी सभा भरली. वस्तीनं मिळून साफसफाई केली आणि फायरवाइज योजनेत नाव नोंदवलं तर विम्यात सवलत मिळते, हे कळल्यापासून लोकांना शेजारधर्म आठवला होता. सभेला आमच्या घरातर्फे अण्णा गेले. जबाबदार प्रौढ व्यक्ती म्हणून बायकोनंच पाठवलं, मी दुभाषा. सगळे पोटतिडकीनं बोलले. डोंगरमाथ्यावरचे म्हणाले, धोका खालच्या लोकांकडून आहे, आग वर चढते. खालचे म्हणाले, ठिणग्या वरून येतात. रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांचं एकाच मुद्द्यावर एकमत होतं, की दोष समोरच्या बाजूचा आहे. अण्णा मान डोलावत ऐकत होते. मला कानात म्हणाले, "आमचीच ग्रामसभा. फक्त खुर्च्या चांगल्या आहेत."

मग ते उभे राहिले आणि मराठीत बोलले. मी भाषांतर केलं. त्यांची सूचना अशी, की कोणीही स्वतःच्या जमिनीची पाहणी करू नये, कारण स्वतःच्या अंगणातलं कोणाला दिसत नाही. प्रत्येकानं शेजाऱ्याची करावी.

टाळ्या पडल्या. एवढा उत्साह मी त्या लोकांत कधी पाहिला नव्हता. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि अंमलबजावणी त्याच दुपारी सुरू झाली. आजोबांनी आमच्या पायरीखालची सुयांची रास शोधून काढली, अण्णांनी शिडी लावून त्यांच्या पन्हाळीतलं रोप मुळासकट उपटून त्यांच्या हातात ठेवलं. वरच्यांनी खालच्यांची गवतं मोजली, खालच्यांनी वरच्यांच्या फांद्या. रोज कोणी ना कोणी कोणाच्या तरी दारात बोट रोखून उभं. महिन्याभरात वस्ती इतकी लख्ख झाली की विमा कंपनीनं सवलत दिली, आणि तेव्हापासून आमच्याकडे कोणी कोणाशी बोलत नाही.